वादीपलीकडचा रिकामा कोपरा

आमच्या मंडळाचे अध्यक्ष पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी फुकटचं काम गळ्यात पडणार आहे. चहा आला, पेढे झाले, मुलगा काय म्हणतो हे विचारून झालं. मग ते म्हणाले, "वहिनी, आपल्या स्मशानभूमीचं रिनोव्हेशन होतंय. गेटवर ग्रॅनाइटचा बोर्ड लावायचाय आणि छोटी पुस्तिका काढायचीय. आपले जे पायोनियर लोक होते ना इथे, त्यांची हिस्टरी. तुमचं मराठी एकदम क्लास आहे. तुम्हीच लिहा. थोडं इमोशनल, थोडं इन्स्पायरिंग."

मी इथल्या इंडियन शाळेत बालवर्गाला शिकवते. "मिस, मला वॉटर ड्रिंक करायचंय" असं मराठी बोलणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षं 'पाणी' शिकवत आले आहे. त्यामुळे मंडळाला वाटतं की गणेशोत्सवाच्या निवेदनापासून स्मशानाच्या इतिहासापर्यंत काहीही माझ्यासमोर टाकावं, मी लिहून देईन.

माझा नवरा शेजारी बसला होता. तोही मंडळाच्या कमिटीत आहे. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, पण इथे 'तो'च लिहिणार आहे, कारण माझा राग अजून गेलेला नाही. अध्यक्षांनी स्मशानाचं नाव काढलं तेव्हा तो चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट मऊ होऊन कपात पडलं आणि तो चमच्याने ते शोधत बसला.

त्या स्मशानात माझी मुलगी आहे. दीड महिन्याची होती. आणि मी तोवर त्या जागेच्या फाटकातही पाऊल टाकलेलं नव्हतं, कारण बायकांनी तिथे जायचं नसतं. ज्या जागेत मला येऊ दिलं नाही, तिचा इतिहास मी लिहून द्यायचा होता, तोही इन्स्पायरिंग. मी हो म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा माझं मलाच सांगता आलं नसतं, पण नाही म्हटलं असतं तर पुढचं काहीच मला कळलं नसतं.

आमचं गाव मस्कतहून गाडीने अडीच तासांवर, समुद्राला लागून आहे. गणपतीची मूर्ती, पत्रावळी, चांगल्या उदबत्त्या अजूनही मस्कतच्या रुवी बाजारातूनच आणाव्या लागतात. गावाच्या मागे वादी आहे, म्हणजे वर्षभर कोरडी पडलेली आणि डोंगरात पाऊस झाला की गाड्यांसकट सगळं वाहून नेणारी नदी. तिच्या अलीकडे इथल्या लोकांचं कबरस्तान आणि पलीकडे आमचं स्मशान.

मी कामाला लागले. जुने लोक आता बहुतेक भारतात परतले आहेत. संध्याकाळी शाळेच्या वह्या बाजूला सारून एकेकाला फोन लावायचे. म्हाताऱ्या माणसांना कोणी काही विचारलं की काय आनंद होतो ते मी त्या दिवसांत ऐकलं. इतिहास मिळाला, भरपूर मिळाला. बाजारात कापडाची आणि तांदळाची दुकानं टाकलेली कच्छी मंडळी आधीची. त्यांच्यातला कोणी गेला की कोळ्यांच्या झोपड्यांच्या पुढे, वाळूतच अग्नी देत. मग वारा फिरला की धूर वस्तीत यायला लागला, कुरबुर झाली आणि गावच्या शेखने वादीपलीकडची जमीन दाखवली, जिथे बाभळीशिवाय काही उगवत नव्हतं. पुढे रस्ते आणि इमारती सुरू झाल्या आणि आमची कोकणातली माणसं आली. गवंडी, सुतार, बोटीच्या इंजिनाचे मेकॅनिक. लाकूड मिळायचं नाही. माल ज्यात यायचा त्या खोक्यांची फळकुटं गोळा करून, एकदा तर फुटलेली होडी तोडून, चिता रचलेली आहे. अस्थी दुधाच्या पावडरच्या डब्यात भरून कोणी सुट्टीवर निघालेला माणूस नाशिकला न्यायचा.

हे सगळं मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण फोन करणाऱ्याला हळूहळू एक गोष्ट कळते. प्रत्येक म्हाताऱ्याच्या गोष्टीत शेखकडे तो स्वतःच गेलेला असतो. कुंपण त्यानेच घातलेलं असतं. अशी तीन कुंपणं झाल्यावर मी मोजणं सोडून दिलं.

नागपूरला परतलेल्या एका बौद्ध इंजिनिअरांनी मात्र स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाही. त्यांच्या ओळखीचा एक फिटर इथे वारला होता. त्याला घेऊन सगळे पोहोचले, तर चितेच्या ओट्याशी कुजबुज सुरू झाली. ओटा दुकानदारांनी बांधलेला. शेवटी फिटरला ओट्याच्या शेजारी, जमिनीवर अग्नी दिला. "उशीर झालाय, ऊन वाढलंय, इथेच उरकू या, असं कारण दिलं," ते शांतपणे म्हणाले. "लिहा मॅडम. पण ते छापणार नाहीत." मी लिहिलं. अध्यक्षांनी फोन करून सांगितलं, "वहिनी, कॉन्ट्रोव्हर्शियल नको. पॉझिटिव्ह ठेवू या ना." फिटरची सहा वाक्यं गेली. ओट्याला मात्र अख्खं पान मिळालं.

आणि एवढ्या सगळ्या फोनांमध्ये एकाही माणसाने मुलांचा विषय काढला नाही.

दात न आलेल्या मुलाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. वर खूण ठेवत नाहीत. दगड नाही, नाव नाही. पुरुष घेऊन जातात, मीठ घालून पुरतात, अंघोळी करून घरी येतात आणि आईला जागा सांगत नाहीत. आईला जागा कळली तर तिचा जीव तिथे अडकतो आणि पुढचं मूल लाभत नाही म्हणे. हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. कुठल्याही आईने ठरवलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगते.

माझ्या मुलीचं बारसं झालं होतं. नाव इथे लिहिणार नाही, ते माझं आहे. एका हिवाळ्यात तिला ताप आला, छाती भरली, आणि सरकारी हॉस्पिटलातून आम्ही तिला पांढऱ्या कपड्यात घरी आणलं. दारात चार पुरुष उभे होते. त्यातल्या एकाने हात पुढे केले आणि मी तिला दिली, कारण अशा वेळी हात पुढे केले की द्यायचं असतं. गाडी गेली. तासाभराने नवरा ओल्या केसांनी परत आला आणि त्याच्या मालवणीत म्हणाला, "झाला." बस्स, एवढंच. त्या दिवशी माझ्या अंगावर दूध येतच होतं. शेजारची बलुची बाई आली, तिने स्वतःची ओढणी फाडून माझी छाती घट्ट बांधली. तिला हिंदी यायचं. ती म्हणाली, "रो मत. बच्चा उधर दरवाजे पे खड़ा रहेगा. माँ का हाथ पकड़ के अंदर ले जाएगा." मग तिने विचारलं, "क़ब्र किधर है?" मी म्हटलं, मालूम नहीं. तिला वाटलं मला तिचं हिंदी कळलं नाही, म्हणून तिने परत विचारलं. "दफ़न के टाइम औरत लोग हमारे में भी नहीं जाता," ती म्हणाली, "पर माँ को मालूम तो होता है."

काही दिवसांनी मी पुन्हा स्वयंपाकाला उभी राहिले. भात लावला आणि मीठ घ्यायला बरणी उघडली, तर ती तळापर्यंत रिकामी होती. माझ्या हातची भरलेली बरणी. माझ्या मुलीच्या मातीबद्दल मला एवढंच माहीत होतं, की तिच्याबरोबर माझ्या घरचं मीठ गेलं.

तर मी अध्यक्षांना विचारलं. कमिटीची बैठक आमच्याच हॉलमध्ये होती, मसुदा वाचायला. पायोनियर मंडळींची नावं वाचून झाली, माना डोलल्या. मी म्हटलं, "आणि मुलं?"

"कोणती मुलं?"

"जी तिथे पुरली आहेत ती."

अध्यक्ष क्षणभर गोंधळले. वाईट माणूस नाही तो. अडीअडचणीला धावतो, कोणाचं विमान चुकलं तर स्वतः मस्कतला सोडून येतो. म्हणूनच जास्त राग येतो. ते म्हणाले, "वहिनी, त्यांचं काय लिहिणार? त्यांची काही हिस्टरी नसते ना. आणि ती साइड आता आपण डेव्हलप करतोय. उत्तरेचा कोपरा तसाही रिकामा आहे, तिथे इंटरलॉक घालून पार्किंग काढतोय. मयताला आलेल्या लोकांच्या गाड्या वादीत लावाव्या लागतात. ते अप्रूव्ह झालंय मागच्याच मीटिंगमध्ये."

इंटरलॉक म्हणजे फुटपाथवर बसवतात ते सिमेंटचे ठोकळे. आधी रोलर फिरवतात, मग वाळू, मग ठोकळे.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो गालिच्याकडे पाहत होता. मागच्या मीटिंगला तो होता. हात वर करून आला होता.

सगळे गेल्यावर मी चिडले. चिडले की मी स्वच्छ प्रमाण मराठी बोलते, शाळेत बोलते तशी, आणि तो आणखी मालवणी होतो. मी म्हटलं, "तिला तुम्ही त्या कोपऱ्यात ठेवलंत ना? उत्तरेच्या?"

"व्हय."

"आणि तुम्ही पार्किंगला हात वर केलात."

"सगळ्यांनी केल्यानी."

"सगळ्यांची मुलगी नाहीये तिथे."

त्याने रिकामे कप गोळा केले. मग म्हणाला, "आवशीक जागा सांगनत नाय. मी बोललंय असतंय तर तुका कळला असता."

म्हणजे मला कळू नये म्हणून तो गप्प बसला. माझ्यावरच्या मायेने. त्या मायेपोटी त्याने माझ्या मुलीवर गाड्या लावायला परवानगी दिली. पुढचं मूल लाभत नाही म्हणून लपवायचं, तर पुढचं मूल लाभून, शिकून, मस्कतजवळ अल खौदला बिऱ्हाड करून, टक्कल पडायच्या वयाला आलं होतं. मी मुलालाही फोन केला. "आई, आय नो तुला हर्ट झालंय," तो म्हणाला, "पण इतकी वर्षं झाली. लेट इट गो ना." मी म्हटलं, ज्याला तू 'इट' म्हणतोयस ती तुझी मोठी बहीण आहे. त्याला दोष देऊन उपयोग नव्हता, त्याला आम्ही कधी नीट सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांकडून बडबडगीत म्हणवून घेता घेता माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि मी वर्गात तशीच थांबले. बोर्डावर ज्यांची नावं कोरायची होती, त्यांच्यापैकी एकही माणूस त्या स्मशानात नाही. त्यांची राख नाशिकला गेली, कच्छला गेली, समुद्रात गेली. हल्ली तर कोणी गेलं की पेटी थेट विमानाने घरी जाते. त्या जागेत कोणी कायमचं राहिलं असेल तर ती फक्त मुलं. खरे रहिवासी तेच. आणि नेमक्या त्यांच्याच कोपऱ्याला हे लोक रिकामा म्हणत होते, कारण खूण ठेवायची नाही हा नियम त्यांनीच पाळला होता. आधी खूण ठेवायची नाही, आणि मग खूण नाही म्हणून जागा मोकळी आहे म्हणायचं. हे डोकं आपल्याच माणसांचं, दुसऱ्या कोणाला हे जमणार नाही.

शुक्रवारी सकाळी मी साडी नेसले आणि नवऱ्याला म्हटलं, "गाडी काढा. मला तिथे जायचंय."

"बायलमाणसां जायनत नाय थंय."

"मी इतिहास लिहितेय. इतिहासकार म्हणून जातेय." हे मी टोमणा म्हणून म्हटलं होतं. त्याने मुकाट्याने किल्ली घेतली.

वादी ओलांडायच्या आधी कबरस्तान लागतं. पुरुषाच्या कबरीला दोन दगड आणि बाईच्या कबरीला तीन, हे मला बलुची शेजारणीनेच कधीतरी सांगितलं होतं. त्या दगडांवरही नावं नाहीत. पण तिथे गाडी लावायचं आजवर कोणाच्या मनात आलेलं नाही.

आमच्या फाटकाशी अध्यक्षांची गाडी आणि ठेकेदाराचा पिकअप आधीच उभे होते. ठोकळ्यांच्या राशी भिंतीला लावलेल्या, रोलर सावलीत, दोन कामगार डबा उघडून बसलेले. मी आत शिरले. काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही, कोणाचा आत्मा अंगावर आला नाही. पत्र्याची शेड, काळा पडलेला ओटा, नळ, प्लॅस्टिकची बादली. इतकी वर्षं ज्या जागेची मला भीती घातली ती एवढी साधी होती, आणि त्याचाही मला संताप आला.

"वहिनी, तुम्ही इथे?" अध्यक्ष पुढे आले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "अहो, तुम्ही तरी..."

"उत्तरेचा कोपरा कुठला?" मी विचारलं.

त्यांनी हात दाखवला. खडी, वाळू, वाळलेलं गवत, आमच्या हॉलपेक्षा थोडी मोठी जागा. चारी बाजूंनी चुन्याची रेघ मारलेली. मी रेघेपाशी उभी राहिले आणि नवऱ्याला म्हटलं, "दाखवा."

अध्यक्षांना तेव्हा कुठे उमजलं. एका गावात इतकी वर्षं राहून त्यांना माहीत नव्हतं, कारण आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं आणि त्या दिवशी दारात उभे असलेले ते चौघे कधीच भारतात परत गेले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "सॉरी वहिनी. आय हॅड नो आयडिया. आपण असं करू, तेवढा स्पॉट सोडू. छान छोटीशी कुंडी ठेवू तिथे. भाऊ, तुम्ही जागा सांगा फक्त."

नवरा रेघेच्या आत गेला. पाच-सहा पावलं चालला आणि थांबला. परत मागे आला. भिंतीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. मग डावीकडे गेला. चपलेने खडी थोडी बाजूला केली आणि पुन्हा थांबला. ऊन चढत होतं. ठेकेदार घड्याळ बघत होता.

"अहो, दाखवा ना."

"झाड होता थंय," तो म्हणाला. "बाभळीचा. झाडाच्या मुळाक ठेवलेला."

"कुठलं झाड?"

"व्हावान गेला. पुरात. भिंतय नवी हा ही." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "माका म्हायत नाय गो."

"म्हणजे?"

"फाटी वळान बघूचा नसता. मी नाय बघलंय."

मला वाटत होतं की त्याच्याकडे आहे. इतकी वर्षं मी त्याच्यावर चिडत होते की याला माहीत आहे आणि हा सांगत नाही. रात्री शेजारी झोपलेल्या माणसाच्या डोक्यात माझ्या मुलीची जागा आहे, एवढा तरी आधार होता मला. आणि त्याच्याकडे काहीच नव्हतं. माती टाकली, पाठ फिरवली आणि सांगितल्याप्रमाणे मागे न बघता सरळ चालत आला. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला तिथल्या तिथे खाली बसून ओरडावंसं वाटलं.

अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, मग आता... नक्की जागाच माहीत नाही, तर काय करणार आपण? प्रॅक्टिकली बघा."

मी त्यांच्याकडे वळले. माझा आवाज चढला नव्हता, शाळेत खूप चिडल्यावर होतो तसा खाली गेला होता.

"ती कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही," मी म्हटलं. "ठीक आहे. मग ती कुठे नाही ते तुम्ही मला दाखवा. तिथे ठोकळे घाला."

त्यांनी खाली पाहिलं. ते चुन्याच्या रेघेच्या बरेच आत उभे होते, बूट घालून. नवऱ्याने आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्याने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि तापलेल्या खडीवरून एकेक पाऊल टाकत बाहेर आला. अध्यक्षही आले, जरा घाईने.

पार्किंग अलीकडे घेतलं गेलं. गाड्या कमी मावतात म्हणून कुरकुर होते, ती माझ्या कानावर येईल अशा बेताने होते. ग्रॅनाइटचा बोर्ड लागला. त्यावर पायोनियर मंडळींची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. पुस्तिकेत 'या भूमीत कायमची राहिली ती फक्त मुलं' हे माझं वाक्य नाही. जागेअभावी काढलं असं कळवलं. तो फिटरही नाही. खाली 'लेखन' म्हणून माझं नाव छापलंय ते मात्र आहे. ते मी प्रत्येक प्रतीवर खोडत बसणार नाही, पण माझ्या प्रतीवर खोडलं आहे.

त्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा नवरा पुढे चालत होता. स्मशानातून निघतात तसा, मान खाली घालून, सरळ फाटकाकडे. चपला अजून हातातच होत्या.

मी कोपऱ्यापाशीच उभी राहिले आणि हाक मारली.

"अहो."

तो थांबला, पण वळला नाही.

"वळा," मी म्हटलं. "आता तरी मागे बघा."